उजव्या पायाचा अंगठा

माझ्या वडिलांचा चेहरा दगडी होता. ही निंदा नव्हे. त्यांच्या धंद्याला तसाच चेहरा लागे, आणि तो त्यांनी मेहनतीनं कमावला होता.

ते घोड्यांचे दलाल होते. सारंगखेड्याच्या यात्रेत घेणारा एका बाजूला, देणारा दुसऱ्या बाजूला आणि मध्ये आमचे आबा. खांद्यावर पांढरा रुमाल. सौद्याची वेळ आली की ते वहाणा काढून बाजूला ठेवायचे, देवळात शिरताना काढतात तशा, आणि अनवाणी धुळीत उभे राहायचे. मग रुमाल समोरच्याच्या हातावर टाकायचा, आपला हात त्याखाली सरकवायचा आणि बोटं दाबून भाव करायचा. एक बोट, दोन बोटं, आखा पंजा. आधी देणाऱ्याशी, मग घेणाऱ्याशी, मग पुन्हा देणाऱ्याशी. तोंडातून अक्षर नाही. भोवती पंचवीस-तीस माणसं माना उंच करून उभी असायची, पण घोडी कितीला गेली ते रुमालाबाहेर कधी येत नसे. लोक आबांच्या तोंडाकडे बघत राहायचे. तिथं काय दिसणार? नदीतल्या दगडावर दिसतं तेवढं.

"रुमालखालेनं रुमालखालेच ऱ्हावाले जोयजे," एवढं एकच शहाणपण त्यांनी मला शिकवलं. तेच मी मोडलं. त्याचीच ही हकीकत आहे.

ही मी स्वतः लिहितो आहे. शाळा तिसरीपर्यंत, तीही पुरी नाही. घरचे म्हणाले, तुम्ही सांगा, आम्ही उतरवून घेतो. मी नाही म्हटलं. ज्या माणसानं भर बाजारात तोंड न उघडता माणसं हसवली, त्यानं म्हातारपणी दुसऱ्याच्या हातानं बोलायचं? अक्षर वाकडं येतं. येऊ दे.

यात्रा आठवायला बसलो की आधी धुकं येतं. मार्गशीर्षातली सकाळ. तापीवरून धुकं उठायचं, काठ चढायचं आणि घोड्यांच्या पायांत शिरायचं. पाय दिसायचे नाहीत. नुसत्या पाठी, माना, कान तरंगत जायचे. पांढरी घोडी असली तर तीही दिसत नसे, फक्त तिच्या गळ्यातली घुंगरं वाजत पुढे जायची. मी चार-पाच वर्षांचा असेन. मला वाटायचं, हे सगळं नदीतून वर येतं आणि यात्रा उठली की परत नदीत जातं. अजूनही डोळा लागताना कधीकधी तसंच वाटतं. डोळ्यांनी बघितलेलं कुठलं आणि झोपेतलं कुठलं, हे मी आता निवडत बसत नाही.

आमचं गाव नदीच्या दुसऱ्या काठाला. नावेनं यावं लागे. माय गवताच्या पेंढ्या विकायला बसायची, म्हणून मला आबांच्या पायांशी ठेवून जायची. ते माणसं तोंडावरून ओळखायचे, मी पायांवरून. गुजर शेतकऱ्यांचे जाड तळव्यांचे जोडे, काठेवाडी घोडेवाल्यांच्या चढलेल्या टाचा, डोंगरातून उतरलेल्यांचे अनवाणी, बोटं फाकलेले पाय. त्या उंचीवरून मला एक गोष्ट दिसली. आबांच्या मनातला भाव जमून आला, की त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा वर उठायचा. बाकीची बोटं धुळीत, अंगठा एकटा वर. शिंगराचा कान उभा राहतो तसा. दोन श्वास तसाच राहायचा आणि हळूच खाली बसायचा. मग आबा रुमाल ओढून घ्यायचे आणि म्हणायचे, "व्हयनं." म्हणजे झालं, सौदा पटला.

त्यांना स्वतःला हे ठाऊक नव्हतं. मायला ठाऊक नव्हतं. जगात मला एकट्याला ठाऊक होतं. रात्री अंथरुणात मी पांघरुणाखाली माझा अंगठा तसा उचलून बघायचो आणि मला वाटायचं, आबा माझ्याशी काहीतरी बोलले.

हसवायचं कसं ते मला कुणी शिकवलं नाही. घोड्यांनी शिकवलं असं म्हटलं तर चालेल. नवा धनी पाठीवर चढू बघतो तेव्हा जातिवंत घोडी काय करते? उधळत नाही. दोन पावलं बाजूला सरकते आणि अशी उभी राहते, जणू तिनं काही केलंच नाही. धनी धुळीत, घोडी आभाळाकडे बघते. ते सरकणं आणि ते आभाळाकडे बघणं मी उचललं. सोळा-सतरा वर्षांचा होईतो मी एक नसलेली घोडी तयार केली होती. हातात नसलेला लगाम. तिची मान थोपटायची, मिशीवर हात फिरवायचा, चढायला जायचं, ती सरकायची. पडायचं. उठून आधी इकडेतिकडे बघायचं, कुणी बघितलं तर नाही? पागोटं नीट करायचं. परत चढायचं. तिसऱ्यांदा चढलोच, पण तोंड शेपटीकडे.

यात्रेत बोलणं फारसं कामाचं नव्हतं. आम्ही अहिराणी बोलणारे. नदीकाठच्या गुजरांची घरातली बोली वेगळी. सातपुड्यावरून मध-डिंक घेऊन उतरणारी माणसं पावरी बोलायची. घोडेवाले तर कुठकुठले. एखादा सोंगाड्या गळा फाडून विनोद करायचा तेव्हा एक कोपरा हसायचा आणि तीन कोपरे एकमेकांकडे बघायचे. मी घोडीवरून पडलो तेव्हा चारी कोपरे एकदम हसले.

एक म्हातारी आठवते. डोंगरातली, हातात चांदीची जाड कडी. ती सगळ्यात पुढे बसली होती. तोंडावर पदर धरून हसली, हसून दमली, मग उठली. माझ्याकडे आलीच नाही. माझ्या शेजारच्या रिकाम्या हवेपाशी गेली, तिथं घोडीच्या मानेवरून हात फिरवला आणि ओंजळभर गवत खाली ठेवलं. तिला घोडी दिसत होती. मला आठवतं, ते गवत मी बराच वेळ उचललं नाही. घोडी खाईल असं वाटत होतं.

आबा मात्र बघत नव्हते. विरोध नव्हता, पण मी जिथं असेन तिकडे त्यांची पाठ असे. कुणी म्हणायचं, "दलाल, तुन्हा पोऱ्या काय झकास नक्कल करस रे!"

"घोडं देखा," आबा म्हणायचे. "पोऱ्या इकाना नही शे."

लोक हसायचे. मीही हसायचो. पण आत एकच गोष्ट टोचत असायची. आख्खी यात्रा हसली काय, न हसली काय, मला एकाच माणसानं एकदा थांबून बघायला हवं होतं. हसू नका, नुसतं बघा. त्या हट्टातूनच पुढचं झालं.

मी विशीला टेकलो होतो. यात्रेचा तिसरा-चौथा दिवस, दुपार. ऊन मऊ होतं. घोडी उभ्याउभ्या पेंगत होती, माणसं गवतावर आडवी झाली होती. कुणीतरी म्हणालं, "चाल रे, तुन्ही ती घोडी काढ." मी घोडी काढली. माणसं उठून बसली, भोवती जमली. घोडी संपली तरी कुणी हलेना. आणखी पाहिजे, आणखी पाहिजे. हसण्याची नशा दारूपेक्षा वाईट. दारू उतरली की कळतं तरी. माझ्या कमरेला पंचा होता. मी तो सोडला, झटकला आणि खांद्यावर टाकला.

एवढ्यानंच खसखस पिकली. कोण आहे ते सगळ्यांना कळलं.

मी वहाणा काढून बाजूला ठेवल्या. देवळात काढतात तशा. हवेतल्या गिऱ्हाइकाच्या हातावर पंचा टाकला, खाली हात सरकवला. आबांचा चेहरा मला लावावा लागला नाही. तो आतून वर आला, विहिरीत बादली वर येते तसा. गाल थांबले, डोळे थांबले. एक बोट. दोन बोटं. गिऱ्हाईक ऐकत नाही. देणाऱ्याकडे वळलो. तो ऐकत नाही. माणसं खदखदत होती. आणि मग भाव जमला, आणि माझा अंगठा वर उठला.

मी ठरवून केलं नाही. पन्नास वेळा मनाला विचारलं आहे, उत्तर हेच येतं. पायानं केलं. पण पाय माझाच होता.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. धानोऱ्याकडचा एक व्यापारी पुढे बसला होता, गालात कायम सुपारी. तो आबांकडे दरसाल घोडं घ्यायला यायचा आणि दरसाल आबांना जो भाव हवा त्या भावाला घेऊन जायचा. त्याची सुपारी चघळायची थांबली. त्यानं मांडीवर थाप मारली.

"आंगठा! अरे भो, दलालना आंगठा! दहा साल व्हयनात, मी याना थोबाडाले देखी ऱ्हायनू!"

मग जे हसू उठलं तसं मी पुन्हा कधी ऐकलं नाही. घोडी जागी झाली. मी हसू झेलत गोल फिरलो, आणि गर्दीच्या मागे आबा उभे होते. थांबून बघत होते. मला जे हवं होतं ते मला मिळालं होतं. त्यांचा चेहरा होता तसाच होता. त्यांनी फक्त मान खाली घातली आणि आपल्या उजव्या पायाकडे बघितलं, दुसऱ्या कुणाच्या वस्तूकडे बघतात तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका पांढऱ्या घोडीचा सौदा होता. धुकं ओसरून नदीकाठी उरलं होतं. आबांनी नेहमीसारख्या वहाणा काढल्या, रुमाल टाकला. भोवतीच्या पंचवीस-तीस माणसांपैकी एकानंही त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही. सगळ्यांच्या माना खाली. आबांनी हळूहळू उजवा पाय धुळीत पुरला, घोट्यापर्यंत.

"दलाल, पायले थंडी वाजी ऱ्हायनी का?" कुणीतरी विचारलं.

परत तेच हसू. माझं हसू, मीच तयार केलेलं. आबांनी रुमाल ओढून घेतला, चार घड्या केल्या, खांद्यावर ठेवला. वहाणा हातात घेतल्या आणि नदीकडे चालत गेले. धुक्यात आधी पाय गेले, मग कंबर, मग रुमाल. त्यानंतर त्यांनी सौदा केला नाही. कुणाचाही नाही, कधीही नाही. आमची तीन एकर जमीन होती तिच्यात राबू लागले.

त्याच महिन्यात त्यांनी चांभाराकडून एक जोडा शिवून घेतला. पुढून बंद, जाड कातड्याचा. तो जोडा त्यांनी नंतर पायातून काढला नाही म्हटलं तरी चालेल. वैशाखात कापसाच्या रिकाम्या रानात जोडा. विहिरीवर जोडा. सोयऱ्याच्या लग्नात पंगतीला बसताना बाकीच्यांचे पाय उघडे, आबांच्या पायात जोडा. माय म्हणायची, "मरशी तवय बी घालीसनच जाशी का?" ते काही बोलत नसत.

माझ्याशी तर नाहीच नाही. मी समोर जेवायला बसलेलो असायचो आणि ते मायला सांगायचे, "त्याले सांग, बैलले पाणी पाजानं शे."

"तो काय बहिरा शे?" माय भाकरी थापता थापता म्हणायची. "समोर बठेल शे. तूच सांग!" मग दोघांकडे बघून तव्यालाच सांगायची, "एकच मातीना गोया शेत दोन्ही. एक बोलस नही, दुसरा वाकस नही."

खरं होतं. मी वाकलो नाही. पाया पडलो असतो तर मिटलं असतं, असं लोक म्हणतात. मी मनाशी म्हणायचो, पाया पडायला जावं तर हाताला कातडंच लागणार. आता हे लिहिताना कळतं की ती सबब होती. तेव्हा ती मला फार मोठी गोष्ट वाटायची.

पुढच्या यात्रेत गुजरातेकडचा एक तंबूवाला आला होता. मुक्या सिनेमाचा काळ. हातानं फिरवायचं यंत्र, एक पांढरा पडदा आणि पडद्याशेजारी उभा राहून अक्षरं मोठ्यानं वाचणारा एक माणूस. तंबूवाल्यानं माझी घोडी बघितली. "तू बोलता नहीं, यही अच्छा है," म्हणाला. "चलो."

मी गेलो. मायनं शिदोरी बांधली. आबा बैलाला पाणी पाजत होते. ते काम मायनं मला सांगितलं होतं.

नऊ वर्षं मी तंबूबरोबर फिरलो. नंदुरबार, तळोदे, शहादे, पलीकडे सोनगडपर्यंत. तंबूच्या दारापुढे चार बल्ल्यांवर एक फळी टाकलेली असे. दिवसा त्या फळीवर मी गर्दी गोळा करायची आणि संध्याकाळी खेळात रीळ बदलेपर्यंत पडद्यापुढे उभं राहायचं. पडद्यावरची माणसं सारखी घाईत असायची. यंत्र फिरवणारा घाईत असला की ती आणखी घाईत. धावायची, आपटायची, उठायची. मी ठरवलं, आपण सावकाश पडायचं. एवढं सावकाश की बघणाऱ्याला वाटावं, हा मध्येच विचार बदलेल. आणि काहीही झालं तरी चेहरा हलवायचा नाही. पाठ हसेल, गुडघा लाजेल, कोपर घाबरेल, पण चेहरा नाही. माझं नाव त्याच्यावरच झालं. लोक म्हणायचे, हा दगड्या आला.

मी कोरडी भाकर गिळायचो, नसलेल्या चिखलातून नाव ओढायचो, नसलेल्या सासऱ्यापुढे लाजायचो. कळसाडीकडच्या एका गावात एकदा मी फळीवर मधाचं पोळं काढत होतो आणि पुढच्या दोन ओळी हातांनी माश्या वारत मागे सरकल्या. ते दिवस आठवतात तेव्हा मला आवाज आठवतच नाहीत. लोक हसतात, पण आवाज नाही. उघडी तोंडं, हलणारे खांदे, वर धूळ, धुळीत ऊन. सगळाच मुका सिनेमा.

तळोद्याला एका न्हाव्याच्या आरशात एकदा सहज वर बघितलं. फळीवरून नुकताच उतरलो होतो. आरशात आबा बसले होते. मी जो चेहरा घेऊन नाव कमावलं तो माझा नव्हता. ज्याच्यापासून त्याचा धंदा हिरावला, त्याचंच तोंड घेऊन मी पोट भरत होतो. न्हावी म्हणाला, "काय देखी ऱ्हायना भाऊ, मिशी बरोबर शे ना?" मी मान हलवली.

दलालाचं सोंग मात्र मी नऊ वर्षांत एकदाही काढलं नाही. लोकांनी मागितलं तरी नाही.

दरसाल तंबू सारंगखेड्याला यायचा, आणि दरसाल माय फळीमागे भाकर घेऊन यायची. मी विचारायचो, "आबा?"

"घरमा शे. जोडा घाली बठेल शे."

"यी का?"

"तू बलावस का?"

मी भाकर मोडायला लागायचो. माय म्हणायची, "मंग तो कसा यी?" आणि गवताच्या पेंढ्यांकडे जायची. फळीवर चढलो की मी पुढच्या सगळ्या पायांवरून नजर फिरवायचो. लहानपणची खोड. बंद जोडा कुठे दिसत नसे.

मग बोलता सिनेमा आला. तंबूवाल्यानं नवं यंत्र घेतलं आणि यात्रेच्या आदल्या दिवशी माझ्या फळीवर एक भलामोठा कर्णा बांधला. तो सकाळपासून गायचा. घोडी बुजायची, माणसं धावत यायची.

"अब तू भी बोल," तंबूवाला मला म्हणाला. माणूस वाईट नव्हता. "कर्णे के नीचे खड़ा रह, खेल का नाम बोल, सब को बुला."

"मी बोलत नाही."

"अरे, बोलना तो बच्चे को भी आता है!"

"म्हणूनच."

तो हसला, मला वाटलं गंमत म्हणून घेतलं. पण संध्याकाळी त्यानं दुसरा माणूस उभा केला, खणखणीत आवाजाचा. माय भाकर घेऊन आली तेव्हा मी फळीखाली बसलो होतो आणि वर कर्णा ओरडत होता. तिनं कर्ण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. भाकर माझ्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी पहिल्याच नावेनं ती घरी जाऊन आली. पेंढ्या तशाच टाकून.

त्या दुपारी मी तंबूपासून लांब गेलो, घोड्यांच्या ओळीकडे, जिथं माझी पहिली घोडी सरकली होती. तसंच मऊ ऊन होतं. मी कुणाला बोलावलं नाही. लगाम धरला, मान थोपटली, चढायला गेलो. कर्ण्यातली भाषा डोंगरातल्या माणसांना उमगत नव्हती, म्हणून ती माणसं इकडे तिकडे फिरत होती. दोन थांबली, मग दहा, मग तीस. मग घोडेवाले उठून आले. घोडी संपली. मी तसाच उभा राहिलो. उद्यापासून ही माणसं मला दिसणार नव्हती. हात आपोआप कमरेच्या पंच्याकडे गेला.

मी वहाणा काढल्या. पंचा सोडून पुढे केलेल्या माझ्याच हातावर टाकला. दहाच्या दहा बोटं धुळीत घट्ट रोवली. ठरवलं होतं, या खेपेला भाव जमला तरी काही हलणार नाही. न हलणारा दलाल करायचा. बघणाऱ्यांना हसू आलं नाही तरी चालेल.

आणि पंच्याखाली दुसरा एक हात शिरला.

मी वर बघितलं नाही. तर्जनीचं पेर वाकडं होतं. तरुणपणी एका उधळलेल्या घोड्याच्या दोरात ते सापडलं होतं. नजर खाली होती, तर पुढे एक बंद जोडा, धुळीनं भरलेला.

एक बोट दाबलं गेलं.

कशाचा भाव, मला काय माहीत? मी दोन बोटं दाबली. थोडं थांबून त्यानं परत एकच दाबलं. मी दोनवर अडून राहिलो. त्यानं हात काढून घेतल्यासारखं केलं, परत घातला. मी तेव्हा कुठे मान वर केली. समोर माझाच चेहरा, वर पांढऱ्या मिशा. दोघंही दगड. तेच नाक, तेच थांबलेले गाल. कुणीतरी फिस्सकन हसलं. मग बाजूचा. लोकांना वाटलं, सोंगाची जोडी आहे. आबा तीन बोटांवर आले, मी तीनवर आलो. चार. हसू वाढत चाललं होतं आणि आमच्या दोघांच्या तोंडावरची माशीसुद्धा उडत नव्हती. शेवटी त्यांनी माझा आखा पंजा धरला. सौद्यात पंजा दाबून लगेच सोडतात. त्यांनी सोडला नाही.

मग त्यांनी डाव्या पायानं उजव्या जोड्याची टाच दाबून धरली आणि उजवा पाय बाहेर काढला. दहा वर्षं ऊन न बघितलेला पाय. पांढरा, सुरकुतलेला, दगडाखालून निघाल्यासारखा. तो त्यांनी सगळ्यांच्या मध्ये धुळीत ठेवला. माणसं हसायची थांबून बघू लागली. त्यांनी घाई केली नाही. एवढं सावकाश मलाही कधी जमलं नाही. बाकीची बोटं धुळीत, आणि अंगठा एकटा वर उठला.

"व्हयनं," आबा म्हणाले.

यात्रा फुटली. घोडी खूर आपटू लागली. आणि माझा चेहरा, ज्याच्यावर मी नऊ वर्षं जेवलो, तो माणसांदेखत मोडला. कलावंत म्हणून तो माझा पराभव होता, हे मी लपवत नाही. आबांचा चेहरा शेवटपर्यंत हलला नाही. आमच्या दोघांत मोठा कोण, ते तिथंच ठरलं.

त्यांनी पंचा माझ्या खांद्यावर टाकला आणि नदीकडे निघाले. दहा पावलं गेल्यावर, मागे न बघता, मला म्हणाले, मायला नाही, मला,

"जोडा उचल. नवा शे तो."

नवा कुठला, दहा वर्षांचा. मी उचलला.

एका पायात जोडा, एक पाय उघडा, असे ते पुढे चालत होते. एक पाऊल उंच, एक खाली. दुसरा जोडा काढायचं त्यांच्या मनात आलं नाही, किंवा आलं असेल आणि हट्टानं काढला नसेल. मी जोडा हातात घेऊन मागे. धूळ उठली होती, उन्हात सगळंच तरंगत होतं, घोड्यांच्या पाठी, माणसांची डोकी, लांब कर्ण्याचं गाणं. ती चाल मी डोळ्यांत भरून घेतली. तशी चाल फळीवर केली असती तर लोकांनी तंबू डोक्यावर घेतला असता. पण ती मी पुढे कधी कुठे केली नाही.

नावेत माय रिकाम्या टोपलीवर बसली होती. आबांच्या पायांकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं.

"पुढे सरक," ती मला म्हणाली, "तुन्हा बापले बठू दे."

मी सरकलो.